मूठभर तांदळाची मंडळी

मिझोराममधल्या ऐझॉलमध्ये सकाळचं जेवण लवकर होतं. नऊच्या सुमारास घरातली माणसं भात जेवून शाळा-कचेऱ्यांच्या वाटेला लागतात आणि दुसरं जेवण दिवेलागणीच्या आसपास आटोपतं. म्हणजे भात दिवसातून दोनदा रांधला जातो. घरातली बाई जेवणाऱ्यांचा अंदाज धरून भांड्यात तांदूळ घेते आणि धुण्याआधी त्यातली एक मूठ उचलून शेजारच्या वेगळ्या डब्यात टाकते. हात थांबत नाही, चाललेलं बोलणं तुटत नाही. मग उरलेला तांदूळ धुऊन चुलीवर चढतो. डब्यातला तांदूळ आता घराचा राहिलेला नसतो, तो मंडळीचा, म्हणजे चर्चच्या समुदायाचा झालेला असतो. ठरलेल्या दिवशी वस्तीतल्या बायका घरोघर फिरून डबे रिकामे करून घेतात, सगळा तांदूळ एकत्र करून विकतात आणि पैसे चर्चच्या खात्यावर जमा होतात. मिझो भाषेत याला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात, म्हणजे कांडलेल्या तांदळाची मूठ. 1910 साली सुरू झालेली ही रीत आजही चालू आहे.

या रीतीतली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूठ कणगीतून किंवा पोत्यातून निघत नाही. जेवणासाठी मापून घेतलेल्या तांदळातून निघते. सहा माणसांचा भात घेतला असेल तर त्या सहा जणांत एक मूठ कमी पडते. भरल्या घरात हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण महिनाअखेरीला जिथे डबा खरवडावा लागतो, तिथे ती मूठ कोणाच्या तरी ताटात उणी दिसते, आणि जगभरातल्या गरीब घरांत ते ताट बहुधा रांधणारीचंच असतं. हिशेब केला तर मध्यम मूठ चाळीस-पन्नास ग्रॅमची भरते. दोन वेळच्या दोन मुठी धरल्या तर महिन्याला अडीच-तीन किलो तांदूळ. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला अडीच-तीन किलो तांदूळ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

ख्रिस्ती श्रद्धेतल्या दानाविषयी लिहायचं तर मोठमोठ्या देणगीदारांची आणि त्यांनी उभारलेल्या इमारतींची माहिती हाताशी भरपूर आहे. त्यातल्या एकाचा उल्लेख पुढे येईलच. तरी या लेखाच्या मध्यभागी मी ही मूठ ठेवली आहे. त्याग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयुष्यात एकदाच घडणारी मोठी गोष्ट उभी राहते: घरदार सोडणं, नोकरीवर पाणी सोडणं, दागिने उतरवून देणं. मिझो बायकांनी त्याग रोजच्या स्वयंपाकात आणला. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं, आणि कोणी पाहत नसताना.

त्या मुठीमागचा इतिहास लीड्स या इंग्लिश शहरातल्या एका विक्षिप्त श्रीमंतापासून सुरू होतो. रॉबर्ट आर्थिंग्टन त्याचं नाव. क्वेकर घराण्यात 1823 साली जन्मला, वारशाने अफाट पैसा मिळाला, आणि हेडिंग्ले भागातल्या आपल्या घरात तो एका खोलीत राहू लागला. जुने कपडे, साधं जेवण, नोकरचाकर नाहीत. लोक त्याला ‘हेडिंग्लेचा कंजूष’ म्हणत. हा कंजूष काँगो नदीवरच्या मिशनसाठी आगबोटीचा खर्च देत होता आणि जिथे अजून कोणी पोचलेलं नाही अशा डोंगरी जमातींकडे माणसं पाठवत होता. 1900 साली तो वारला तेव्हा जवळपास दहा लाख पौंडांची मालमत्ता निघाली आणि तिचा मोठा भाग मिशनच्या कामाला गेला.

त्याच्याच पैशावर जेम्स हर्बर्ट लोरेन आणि फ्रेडरिक सॅव्हिज हे दोन तरुण 11 जानेवारी 1894 रोजी लुशाई डोंगरांत, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये पोचले. चार वर्षांच्या आत त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शुभवर्तमानांचं भाषांतर सुरू केलं आणि शब्दकोश तयार केला. मग आर्थिंग्टनच्याच धोरणामुळे त्यांना तिथून निघावं लागलं. एका जागी फार काळ रेंगाळू नये, पुढच्या जमातीकडे जावं असा त्याचा आग्रह होता. 1897 साली वेल्समधल्या प्रेस्बिटेरियन मिशनचा डेव्हिड इव्हान जोन्स ऐझॉलला आला आणि त्याने पुढचं काम हाती घेतलं. 25 जून 1899 रोजी पहिल्या दोन मिझो माणसांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची नावं खुमा आणि खारा.

इथे महाराष्ट्राचा एक धागा येतो. 1904 साली वेल्समध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. तिची वार्ता ऐकून पंडिता रमाबाईंनी 1905च्या आरंभी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींना घेऊन प्रार्थना सुरू केली आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये मुक्तीत जागृती उसळली. वेल्सचीच ती लाट त्याच सुमारास खासी डोंगरांत पोचली आणि तिथल्या सभेला गेलेल्या मिझो ख्रिस्ती लोकांनी 1906 साली ती ऐझॉलला आणली. म्हणजे दौंडजवळच्या माळावरच्या आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या बायका एकाच वार्तेने हलल्या होत्या. दोन्हीकडे पुढे जे उभं राहिलं त्यात बायकांचा हात मोठा होता, हा मला योगायोग वाटत नाही.

1910च्या सुमाराला लुशाई डोंगरांची सगळी वस्ती लाखाच्या आत होती. ख्रिस्ती होते ते मूठभर. डोंगरउतारावर झाडोरा जाळून भाताची फिरती शेती करायची, वर्षाचा भात घरात साठवायचा, त्यावर जगायचं. रोख पैसा फारसा कोणाच्या हाती नव्हता, बायकांच्या तर नव्हताच. पुरुष दशमांश देऊ शकत होता, कारण भाताची रास त्याच्या मालकीची मानली जाई. बाईच्या हाताखाली काय होतं? चुलीपाशी घेतलेला तांदूळ. तेव्हा तिने तोच दिला. पुढे या तांदळाच्या जोडीला इतर गोष्टीही आल्या. काही गावांत जंगलातून मोळी आणली की त्यातलं एक लाकूड मिशनसाठी बाजूला पडू लागलं. जी वस्तू आपल्या हातून जाते-येते तिच्यातूनच द्यायचं, हे सूत्र त्या बायकांना कोणा धर्मपंडिताने शिकवावं लागलं नाही.

आणि लगेच परीक्षेची वेळ आली. मिझोरामच्या डोंगरांत एका जातीच्या बांबूची बनं साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतात. फळांचा सडा पडतो, ती खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, आणि बांबूची फळं संपली की रातोरात भाताच्या शेतांवर तुटून पडतात. मिझो लोक याला ‘माउताम’ म्हणतात. 1911-12 साली माउताम आला, मूठ सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. शेतं उभ्या उभ्या गेली. लोक जंगलातली कंदमुळं खणून खाऊ लागले. अशा वर्षी दानाची नवी रीत बंद पडली असती तर कोणीही दोष दिला नसता. ती बंद पडली नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाने इथे जरा थांबून विचार करावा असं मला वाटतं. आपल्याकडे 1876-78 आणि पुन्हा 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनच्या आश्रयाला आलेल्या कुटुंबांना ‘भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला. इंग्रजीतही याच अर्थाचा शब्द होता आणि त्यात तांदळाचंच नाव होतं. भुकेल्या माणसाने अन्न देणाऱ्यावर विश्वास टाकला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही असं मी मानतो. पण टोमणा मारणाऱ्यांना मिझोराममधली ही उलटी वाट माहीत नव्हती. तिथे या मुठीतला तांदूळ मिशनकडून लोकांकडे आला नाही. तो लोकांच्या ताटातून मंडळीकडे गेला, आणि तोही दुष्काळाच्या तोंडावर.

परदेशी पैशावर उभी असलेली मंडळी ही एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरींची मोठी डोकेदुखी होती. अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन आणि इंग्लंडमधल्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन या दोघांनी जवळपास एकाच काळात एक विचार मांडला: देशी मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः करावा, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा आणि स्वतःच प्रचार करावा. अँडरसन 1854-55 साली स्वतः मुंबई-अहमदनगरकडे येऊन गेले होते. त्यांच्या बोर्डाचे मिशनरी 1813 पासून मुंबईत आणि 1831 पासून नगरला काम करत होते. शाळा होत्या, छापखाना होता, पण बहुतेक पगार समुद्रापलीकडून येत होते. अँडरसननी गावोगाव देशी पाळक नेमून मंडळ्या स्वतंत्र करण्यावर भर दिला. विचार बरोबर होता. पण कागदावरचा ठराव आणि चुलीजवळचा डबा यांत फार अंतर असतं. नगर, सोलापूर, वडाळ्याच्या मंडळ्या त्या दिशेने चालत राहिल्या, काही पोचल्या, बऱ्याच अर्ध्या वाटेवर थांबल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे अंतर सलत होतं. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ते नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये आले, वीस-बावीस वर्षं मिशनच्या पगारावर काम केलं, आणि 1917 साली तो पगार सोडून दिला. साताऱ्याला राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. ख्रिस्ताचा शिष्य इथल्या मातीतला असावा, परक्याच्या पैशाचा मिंधा नसावा, ही त्यांची धारणा होती. पुढच्या दोन वर्षांतच, मे 1919 मध्ये, ते गेले. एकदाच घडणारा मोठा त्याग तो हाच.

त्याची दुसरी बाजू मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसते. टिळकांचा हात सढळ होता. घरात काय आहे, उद्या काय शिजणार आहे हे न पाहता ते देऊन मोकळे होत आणि संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाई करत. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे. तरीही हे पुस्तक वाचताना दरवेळी वाटतं की देणारा एक आणि सोसणारं दुसरंच कोणी असेल, तर त्या दानाच्या खतावणीत दुसरं नावही लिहायला हवं. मिझो मुठीचा मला इतका आदर वाटतो त्याचं एक कारण हेच आहे. तिथे जी देते तीच सोसते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघालं तेव्हा त्यामागे बॉस्टनची रमाबाई असोसिएशन होती. दहा वर्षं मदत देण्याचं त्या मंडळाने कबूल केलं होतं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून रमाबाईंनी उपाशी विधवा आणि अनाथ मुली गोळा केल्या आणि केडगावला आणल्या. एवढ्या तोंडांसाठी ठरलेलं असं उत्पन्न नव्हतं. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं अनाथाश्रमाचं काम त्यांच्यासमोर होतं: कोणाकडे हात पसरायचा नाही, गरज देवाला सांगायची. रमाबाईंनी तीच वाट धरली. त्यांचा स्वतःचा खर्च पाहावा तर जवळपास काहीच नाही. संस्कृत जाणणारी, अमेरिकेत व्याख्यानं गाजवलेली ही बाई माळावरच्या आश्रमात मुलींबरोबर राहिली आणि आयुष्याची अखेरची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. पुस्तक छापून पुरं झालं ते त्यानंतर.

मुंबईने आणखी एक तऱ्हा पाहिली आहे. 19 सप्टेंबर 1882 रोजी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेचे चौघे जण मुंबई बंदरात उतरले. त्यांचा पुढारी फ्रेडरिक टकर हा इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधली नोकरी सोडून आलेला. त्याने भगवे कपडे घातले, अनवाणी चालला, ‘फकीर सिंग’ हे नाव घेतलं आणि मिळेल त्या अन्नावर राहिला. सरकारला एका गोऱ्या माणसाचं हे रूप मुळीच रुचलं नाही; मुंबईच्या रस्त्यावर मिरवणूक काढली म्हणून या मंडळींना अटकही झाली. याच साल्व्हेशन आर्मीने 1886 साली इंग्लंडमध्ये ‘सेल्फ डिनायल’ची मोहीम सुरू केली. जॉन कार्लटन नावाच्या अधिकाऱ्यापाशी मोठी रक्कम नव्हती. मग त्याने वर्षभर जेवणातलं पुडिंग सोडून वाचलेले पैसे द्यायचं ठरवलं, आणि संघटनेचा संस्थापक विल्यम बूथ याने ती कल्पना उचलून धरली. कॅथलिक मंडळी चाळीस दिवसांच्या उपवासकाळात जेवण-करमणुकीत काटछाट करून वाचलेलं गोरगरिबांसाठी देतात, त्यामागेही हाच विचार आहे. मुठीशी या सगळ्याचं नातं आहे. फरक इतकाच की मोहीम संपते, उपवासकाळ संपतो, आणि भात मात्र रोज रांधावा लागतो.

या सगळ्यांच्या मागे शास्त्रातल्या ज्या गोष्टी आहेत, त्यातली एक ख्रिस्ती घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते: दोन टोल्या टाकणारी विधवा. यरुशलेमच्या मंदिरात दानपेट्या होत्या, श्रीमंत मोठमोठ्या रकमा टाकत होते, आणि एका गरीब विधवेने त्या काळची सर्वांत हलकी अशी दोन तांब्याची नाणी टाकली. मजुराच्या दिवसाच्या मजुरीचे चौसष्ट भाग केले तर त्यातला एक भाग, एवढीच त्यांची किंमत. येशूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं की हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण इतरांनी उरलेल्यातून दिलं आणि हिने जगण्यातून दिलं.

हा उतारा दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रविवारी वाचला जातो, बहुधा चर्चला पैसे हवे असतात तेव्हा. पण त्याच्या लगेच आधीची ओळ फार कमी वेळा वाचली जाते. मार्कच्या बाराव्या अध्यायात, या विधवेच्या प्रसंगाला लागूनच, येशू त्या शास्त्र्यांचा निषेध करतो जे लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. आणि लगेच पुढच्या अध्यायात तो सांगतो की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी ते पाडलं. म्हणजे तिने आपलं सर्वस्व ज्या व्यवस्थेच्या पेटीत टाकलं ती व्यवस्था तिला गिळणाऱ्यांची होती आणि इमारत पडायच्या बेतात होती. येशूने तिच्या देण्याचं मोल वाढवलं, घेणाऱ्यांना मात्र मोकळं सोडलं नाही. हे दोन्ही एकत्र वाचलं नाही तर हा उतारा गरिबाच्या खिशात हात घालायचं साधन होऊन बसतो.

आणि तसं होताना आपण पाहतो आहोत. ‘बीज पेरा, शंभरपट घ्या’ असं व्यासपीठावरून ओरडून सांगणारे प्रचारक आता महाराष्ट्रातही गावोगाव पोचले आहेत. कर्जात बुडालेल्या घरातून, आजाऱ्याच्या औषधाच्या पैशातून लिफाफे भरून घेतले जातात आणि मोबदल्यात चमत्काराचं वचन मिळतं. हा सौदा आहे, त्याला दान म्हणता येत नाही. मिझो बाई मूठ टाकते तेव्हा उद्या दोन मुठी परत येतील अशी तिची अपेक्षा नसते. सारफथच्या विधवेच्या गोष्टीतही बाईपाशी मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल होतं. शेवटची भाकरी भाजून मुलाबरोबर खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, असं तिने ठरवलं होतं. एलीया संदेष्ट्याने आधी आपल्यासाठी लहानशी भाकर मागितली. पीठ पुढे आटलं नाही, पण तो तांडा घेऊन फिरणारा धनवान गुरू नव्हता. तोही तिच्याइतकाच उपाशी होता, तिच्याच घरात राहिला आणि त्याच मडक्यातलं खाल्लं. मागणाऱ्याने देणाऱ्याच्या पंक्तीला बसायचं, ही त्या गोष्टीतली अट आपले प्रचारक सोयीने वगळतात.

आपल्या चर्चमध्ये याचं एक साधं रूप पाहायला मिळतं. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला मराठी मंडळ्यांत लोक शेतातलं, घरातलं काही ना काही आणतात. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, घरी केलेल्या करंज्यांचा डबा. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. एखादा नारळ त्याच्या किमतीच्या कितीतरी पटीने जातो, बोली चढत जाते, टाळ्या पडतात, आणि घेणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. मंडळीला पैसे मिळतात, दिवस आनंदात जातो, मला तो सण आवडतो. पण ज्या म्हातारीने दारातली अंडी देणारी एकुलती कोंबडी आणून ठेवली तिचं नाव कोणी पुकारत नाही. ते पुकारावं असंही मला वाटत नाही. फक्त मंडळीचं वार्षिक अंदाजपत्रक मांडताना पंचांच्या डोळ्यांपुढे ती कोंबडी असावी.

मिझोराममध्ये त्या मुठीचं काय झालं? आरंभी ते पैसे धर्मशिक्षण देत फिरणाऱ्या बायकांच्या पोटापाण्यासाठी लागले. मग व्याप वाढला. दशमांश आणि मूठ या दोन पायांवर प्रेस्बिटेरियन मंडळी उभी राहिली. पाळकांचे पगार, शाळा, ऐझॉलजवळ दुर्तलांगला 1928 साली वेल्श मिशनने सुरू केलेलं आणि आज मंडळीच्या मध्यवर्ती सभेकडे, सिनडकडे असलेलं हॉस्पिटल, आणि भारताच्या इतर राज्यांत पाठवलेले शेकडो मिशनरी, हा सगळा संसार त्या उत्पन्नातून चालतो. ज्यांच्याकडे मिशनरी आले होते त्यांनीच शतकभरात मिशनरी पाठवायला सुरुवात केली. 2011च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या सुमारे 10 लाख 97 हजार होती, त्यात 87 टक्के ख्रिस्ती, आणि साक्षरता 91 टक्क्यांच्या वर. अशा लहान, उद्योगधंदे जवळपास नसलेल्या राज्यातलं हे काम आहे.

मधली वर्षं शांततेची नव्हती. 1959 साली पुन्हा माउताम आला. हे डोंगर तेव्हा आसामात होते, आणि इशारे मिळूनही आसाम सरकारने वेळेवर धान्य पोचवलं नाही. दुष्काळात मदत करायला जी मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट निघाली, तीच 1961 साली मिझो नॅशनल फ्रंट झाली. 1966च्या फेब्रुवारीअखेर उठाव झाला आणि मार्चमध्ये आपल्याच वायुदलाने ऐझॉलवर बॉम्ब टाकले. पुढच्या काही वर्षांत पाचशेच्या वर गावं रिकामी करून लोकांना रस्त्याकडेच्या वसाहतींत कोंबलं, मागे राहिलेली घरं आणि भाताच्या कणग्या जाळल्या. त्याच दशकाच्या अखेरीस परदेशी मिशनरींनाही मिझो डोंगर सोडावे लागले. ज्या मंडळीचा कणा परदेशी पैशाचा असता, ती तिथेच मोडली असती. मिझो मंडळी मोडली नाही, उलट सरकार आणि बंडखोर यांच्यात बोलणी व्हावीत म्हणून तिची माणसं मध्ये उभी राहिली. 30 जून 1986 रोजी करार झाला आणि 20 फेब्रुवारी 1987 रोजी मिझोराम वेगळं राज्य झालं. 2007 साली बांबू पुन्हा फुलला, उंदीर पुन्हा आले.

मराठी माणसाला मुठीचं हे अर्थशास्त्र परकं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहं मुष्टिफंडाच्या ज्वारी-बाजरीवर चालली, आणि पैसा-पैसा गोळा करून तळेगावला काच कारखाना उभा राहिला. हे लोक ख्रिस्ती नव्हते, कारणंही वेगळी होती. पण ज्यांनी मूठ दिली त्यांना ती संस्था आपली वाटली, हा अनुभव एकच आहे. ख्रिस्ती दानात यापुढे आणखी एक पायरी असते. मूठ टाकणारी ती शाळेला किंवा दवाखान्याला देते त्याआधी देवाला देते. ज्याने स्वतःला देऊन टाकलं त्याच्या देण्याला हे आपलं लहानसं उत्तर, अशी तिची भावना असते. पौल करिंथच्या सुखवस्तू मंडळीला मासेदोनियातल्या दरिद्री मंडळ्यांचा दाखला देतो, तेव्हा तो नेमकं हेच सांगतो: त्यांनी आधी स्वतःला दिलं, पैसे नंतर. आणि दावीद राजाला अरौनाने खळं, बैल, सरपण सगळं फुकट देऊ केलं, तरी त्याने पन्नास शेकेल मोजून ते विकत घेतलं, कारण ज्याची झळ आपल्याला लागली नाही ते देवाला वाहायला तो तयार नव्हता.

झळ हीच या दानाची कसोटी आहे. ती लावून पाहिली तर आपली पुष्कळशी दानं, माझीही, साधी वर्गणी ठरतात. वर्गणी वाईट नसते, तिच्यावर पुष्कळ चांगली कामं चालतात. तिला त्याग म्हणू नये, एवढंच.

शेवटची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. शंभराहून अधिक वर्षं ज्या बायकांच्या मुठीवर मिझोरामची प्रेस्बिटेरियन मंडळी वाढली, त्या बायकांपैकी एकीलाही त्या मंडळीने पाळकपदाची दीक्षा दिलेली नाही. धर्मशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या मिझो स्त्रिया आहेत, त्या शिकवतात, लिहितात, मागणीही करतात. चर्च ऑफ साऊथ इंडियाने 2013 साली पुष्पा ललिता यांना बिशप केलं, तेव्हा भारतात हे अशक्य आहे असंही कोणी म्हणू शकत नाही. तांदूळ घेताना हात बाईचा आहे म्हणून कोणी तो परत केला नव्हता. मग प्रभुभोजनाची भाकर मोडायला तोच हात का चालू नये, याला मला आजवर एकही समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. मिझो मंडळीच्या पुढाऱ्यांनी हा प्रश्न आणखी पुढे ढकलू नये. आणि आपल्या मराठी मंडळ्यांतल्या बायकांनी या नाताळात अर्पणाची थैली पुढे आली की त्यात आपलं टाकावं, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या सभेत उभं राहून त्या पैशाचा हिशेब मागावा.